वैजूच्या अंगातली देवी

शुक्रवारचं भजन रंगात आलं होतं. मथुराबाईंचा आवाज वरच्या पट्टीत चढला होता, आणि माझी धाकटी जाऊ वैजू सोप्यातल्या खांबाला टेकून नेहमीसारखी झोपली होती. भरदुपारी, चारचौघींत, तोंड उघडं टाकून. मी तिला कोपरानं ढोसणारच होते, तेवढ्यात तिचं घोरणं थांबलं. मान मागं गेली, गळ्याच्या शिरा टरारल्या, आणि एकदम "हुंऽऽ" करून ती अशी उसळली की अंबाडा सुटून केस तोंडावर आले, पदर खाली लोळला. दोन्ही हात वर फेकून ओरडली, "दार उघडा! दार उघडा!"

टाळ बंद पडले. मथुराबाई म्हणजे आमच्या शेजारीणबाई. त्यांनी हातातला टाळ खाली ठेवला आणि सरळ वैजूच्या पायांवर डोकं टेकलं.

"आई आली गं बाई! अंबाबाई आली!"

"कुठली आई?" मी म्हटलं. "झोपली हुती ती."

"मालन, जीभ आवर!" सासूबाई कडाडल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. "आत जा, हळदीकुंकू आण."

म्हणजे हळदीकुंकू आणायलाही मीच! माझ्याच करंड्यातलं कुंकू घेऊन आत्याबाईंनी वैजूच्या कपाळावर मळवट भरला. वैजू डोळे चोळत इकडंतिकडं बघत होती. तिला कळेना काय झालंय ते. पण सगळ्या बायका पाया पडायला लागल्या तशी तिनं हळूच मांडी घातली आणि पाठ ताठ केली. ती पाठ ताठ केलेली मी बघितली, आणि माझ्या पोटात भडका उडाला.

का उडू नये? लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून देवीचे मंगळवार-शुक्रवार मी धरलेत. देवघरातली पितळी भांडी चिंचेनं मी घासते. नवरात्रात अनवाणी मी चालते. आणि देवी येते कुणाच्या अंगात? तर जी आंघोळीआधी दोन कप चहा पिते तिच्या! देवीला यायचंच होतं तर माझ्या अंगात यायचं. मी काय घरी नव्हते?

आमचं गाव तासगावकडचं. घरचा बेदाण्याचा धंदा आहे. शेडमध्ये बाया ओळीनं बसून बेदाणा निवडतात, काड्या काढतात. वैजूला तिथं बसवलं की थोड्या वेळात तिचं नाक राशीत. दूध ठेवलं की उतू गेलंच. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून पेंगायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर अंग सुटलं होतं, मान आखूड झाली होती. रोज सकाळी उठली की डोकं धरून बसायची. "आक्का, डोस्कं लई ठणकतंय." मी म्हणायचे, "झोपून झोपून ठणकतंय." तिचा नवरा हणमंत, म्हणजे माझे दीर, ट्रकवर. बेदाणा घेऊन दिल्लीला जायचे, महिन्यातले थोडेच दिवस घरी. तेही आले की शेडमध्ये निजायचे. म्हणायचे, "वैनी, हिच्यापेक्षा माझं इंजन बरं. ते बंद केलं की गप बसतं."

तर अशी ही झोपाळू. एका दुपारीत देवी झाली.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मथुराबाईंनी ते "दार उघडा" मनावर घेतलं. त्यांचा थोरला संपत, बायकोवरनं भांडून वर्षभर घराबाहेर होता. त्यांना वाटलं, देवी तेच सांगतेय. रात्री त्यांनी पोराला निरोप धाडला, आणि तो आला की हो! बायको घेऊन आला. मग काय विचारता. पुढच्या शुक्रवारी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वैजू खांबाला टेकायची, पेंगायची, घोरायची, थांबायची आणि उसळायची. "दार उघडा!" कुणी दुकानाचं दार उघडलं, कुणी माहेरचं. ज्याचं त्याचं काहीतरी बंद असतंच.

घरात वैजूला पाट मांडायला लागले. भांडी बंद. शेड बंद. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कधी मला बाजारात गाडीवरनं नेलं नाही. ते तिला "वैजूताई, उन्हाचं नको चालत जाऊ" म्हणून देवळापर्यंत सोडायला लागले. मी भाकऱ्या थापत हे सगळं बघायचे. भाकरी कमी आणि हात जास्त भाजायचे.

आणि श्रावणात आत्याबाईंनी तो घाव घातला.

"औंदा गौर वैजू आणंल," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली परात तशीच राहिली. गौर मी आणते. तुळशीपाशी सुपात गौरीचे मुखवटे घ्यायचे, कुंकवाच्या पावलांवरनं चालत उंबरा ओलांडून आत यायचं. थोरल्या सुनेचा मान तो. वर्षभर या घरात मला कुणी विचारत नाही, पण त्या एका संध्याकाळी सगळं घर बाजूला सरून मला वाट देतं. मी त्या संध्याकाळवर वर्ष काढते.

"आत्याबाई, मान माझा हाय."

"देवीपरीस मोठा मान कुणाचा?"

मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, "देवीच्या मनात आलंय, आपण कोण बोलनार?" आणि पेपर वाचायला लागले.

तेव्हाच मी ठरवलं, हिचं सोंग बाहेर काढायचं. माझ्या लेकानं मला नवा मोबाइल दिला होता, त्यात व्हिडिओ निघायचा. माझा हिशेब सरळ होता. माणसं नसताना, भजन नसताना, नुसत्या दुपारच्या झोपेतसुद्धा ही अशीच उसळत असेल, तर ती देवी कसली? ते घोरणं. सगळ्यांना दाखवायचं आणि विषय संपवायचा.

दुपारी वैजू आतल्या खोलीत उताणी झोपली होती. मी दारात उभी राहून मोबाइल धरला. घोरणं चाललं होतं, भिंतीवरचं कॅलेंडर हलावं असं. मग ते थांबलं. छाती वर जायला बघत होती, पोट खालीवर होत होतं, पण नाकातोंडातनं काही येत-जात नव्हतं. मी वाट बघत राहिले. आरतीचं एक कडवं सावकाश म्हणून झालं असतं एवढा वेळ गेला. तिचे ओठ काळपट दिसायला लागले. मी दारातनं एक पाऊल आत टाकलं, हे खरं. पण तेवढ्यात "हुंऽऽ" करून ती अर्धी उठली, "दार…" एवढंच म्हणाली, आणि परत आडवी. परत घोरणं. परत थांबणं.

सापडली! मी धावत आत्याबाईंकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं आणि मोबाइललाच हात जोडले.

"बग, एकांतात सुद्धा येती माय. किती जागृत हाय!"

मी कपाळावर हात मारला. आता कुणीतरी शिकल्यासवरलेलं माणूस पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायचं निमित्त काढून मी तासगावला शिरगुप्पे डॉक्टरीणबाईंकडं गेले.

"बाई, ह्यात देवी हाय का घोरणं हाय, एवढं कागदावर लिहून द्या. शिक्का मारून."

बाई आधी हसल्या. मग व्हिडिओ बघता बघता हसायचं थांबल्या. परत पहिल्यापासनं लावला.

"ह्या कोण तुमच्या?"

"जाऊ."

"दिवसा पेंगतात? सकाळी डोकं दुखतं? ब्लडप्रेशर कधी तपासलंय?"

"पेंगती म्हंजे? बेदाण्यात नाक खुपसून झोपती. आळशी हाय."

"आळशी नाहीत त्या," बाई म्हणाल्या. "त्या झोपतच नाहीयेत. झोप लागली की गळ्यातला मऊ भाग सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास थांबतो. मेंदू घाबरून त्यांना दचकवून उठवतो, मग वाट उघडते. रात्रभर हेच चालतं, आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. असंच राहिलं तर हृदयावर ताण येतो, झटका येऊ शकतो, लकवा होऊ शकतो. सांगलीला तपासणी करावी लागेल. लवकर."

मी कागद मागायला गेले होते, आणि हे काय ऐकून बसले?

"मग देवी न्हाई ना?"

"देवीचं मला कळत नाही, मालनताई. श्वास थांबतोय, तेवढं कळतं."

एसटीत बसले आणि माझं मन असं द्वाड की आधी आनंद झाला. गेली देवी! गौर माझी! मग तिचे काळपट ओठ डोळ्यांपुढं आले आणि आनंद पुरता जिरला. वैजूची धाकटी पोर अजून बालवाडीत जात होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला शेडमध्ये गाठलं. बेदाण्याच्या क्रेटवर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती शांतपणे म्हणाली, "मला ठावं हाय आक्का, देवी न्हाई ती."

"काय?"

"सपान पडतंय. रोज त्येच. कोल्ड स्टोरेजमदी मला कुणीतरी कोंडलंय, चहूकडनं बेदाण्याचे बॉक्स, आन् दार सापडंना. जीव गुदमरतोय. म्हणून वरडते, दार उघडा, दार उघडा. झोपायचंच भ्या वाटतंय मला."

गावानं त्या दोन शब्दांवर संसार जोडले होते, आणि ही बाई नुसती हवा मागत होती.

"मग बोलली का न्हाईस, भवाने?"

"कुणाला बोलू? तुमाला?" ती माझ्याकडं बघायला लागली. "धा वर्सं झोपाळू, आळशी, म्हस आसं ऐकतेय. तुमीच सगळ्यात जास्त म्हणाला. आता पाया पडत्यात. देवीला कोण आळशी म्हणतंय? दवाखान्यात न्हेऊन बरं केलं की मी परत म्हस."

"मरशील."

"तुमाला माझी काळजी न्हाई. तुमाला गौर पायजे."

खोटं बोलणं माझ्या जिवावर येतं. "व्हय," मी म्हटलं, "पायजे. माझी हाय ती. पण तू मेलेली नको मला."

तिनं बेदाण्यातली एक काडी मोडली. मग म्हणाली, "औंदाची गौर मी आणणार. देवी आली न्हाई तरी. एक डाव त्या पावलांवरनं चालायचंय मला, सगळ्यांम्होरं, जागेपणी. तुमी शबूद द्या, मी सांगलीला येते."

माझा जीव तीळतीळ तुटला. दुसरं काहीही माग म्हणावं! माझ्या पाटल्या माग, माझं पैठणीचं लुगडं माग. पण तिला नेमकं तेच पाहिजे होतं, कारण तिनंही वर्षानुवर्षं मला तिथनं चालताना बघितलं होतं. म्हणजे मी हिच्यावर जळत होते तेव्हा ही माझ्यावर जळत होती! हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

"दिला शबूद," मी म्हटलं.

घरी तिच्या डोकेदुखीचं सांगून आम्ही निघालो, आणि सांगलीच्या दवाखान्यात तिला एक रात्र वायरी लावून झोपवलं. सकाळी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. त्रास थोडा असता तर कुशीवर झोपून, वजन उतरवून भागलं असतं. काहींना दातांवर बसवायची पट्टी देतात, ती खालचा जबडा पुढं धरते. काहींचे टॉन्सिल वाढलेले असतात, त्यांचं ऑपरेशन करतात. पण वैजूचा त्रास मोठा होता. वजन उतरवायचंच, पण तोवर रोज रात्री मशीन. सीपॅप म्हणतात त्याला. नाकावर मास्क, त्याला नळी, नळीतनं हवा येत राहते आणि त्या हवेच्या जोरानं गळ्यातली वाट उघडी राहते.

"म्हंजे दार उघडं ऱ्हातंय," वैजू म्हणाली. डॉक्टरांना तिचं बोलणं कळलं नाही. मला कळलं.

मास्क लावलेली वैजू बघून तिची पोर टाळ्या पिटायला लागली, "आई गणपती झाली! सोंड आली!" पहिले काही दिवस वैजू मास्क उपटून फेकायची. मग दुसऱ्या मापाचा आणला, आणि तो बसला. एका सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले तर गॅस पेटलेला, दूध तापलेलं, आणि वैजू कणीक मळत गुणगुणतेय.

"आक्का, डोस्कं दुखत न्हाई," ती म्हणाली. "सकाळ आशी आसती व्हय?"

चेहरा असा काही उजळला होता की मी परत जळले. आधी झोपते म्हणून जळायचे. आता माझ्याआधी उठते म्हणून. मेलीनं दूधसुद्धा उतू जाऊ दिलं नव्हतं.

पण शुक्रवार आला. सोपा भरला. वैजू खांबाला टेकून बसली, आणि टक्क जागी! टाळ वाजवला, दोन अभंग म्हटले, आवाज खणखणीत. बायका वाट बघून बघून कंटाळल्या. पुढच्या शुक्रवारी निम्म्या आल्याच नाहीत. मथुराबाई म्हणाल्या, "त्या मशिनीनं देवी बांधली." आणि गौरीच्या दोन दिवस आधी आत्याबाई सहज बोलावं तसं बोलल्या, "मालन, सूप घासून ठेव. गौर तूच आण."

माझा हात आपोआप सुपाकडं गेला, हे लपवत नाही. मिळालं की! मी न मागता मिळालं. शब्द मी कुठं मोडला? सासूनं सांगितलं.

वैजू भांडली नाही. ती आत गेली. मी मागं गेले तर ती मशीन पिशवीत भरत होती.

"हे काय?"

"न्हाई लावत. दोनतीन दिस न्हाई लावलं की यील देवी परत."

"वैजू!"

"म्हस हुण्यापरास बरं."

मी आत्याबाईंकडं गेले. पाया पडले, डॉक्टरांचं सांगितलं, शब्दाचं सांगितलं. "तिलाच आणू द्या गौर." त्यांचं एकच. "देवी गेली ती गेली. आता देवीनंच सांगितलं तर तिला मान दीन."

दोन रात्री वैजूनं मशीन लावलं नाही. गौरीच्या दिवशी नैवेद्याची भाजी निवडता निवडता ती परत पेंगली. डोळ्यांखाली परत तीच काळी वर्तुळं.

संध्याकाळी तुळशीपाशी मी सूप हातात घेतलं. नवं लुगडं, नाकात नथ. कुंकवाची पावलं दारापर्यंत उमटवलेली. सगळं घर, शेजारपाजार दोन्ही बाजूंना सरलेलं. वैजूकडं माझ्या पायांवर पाणी घालायचं काम. तिनं खाली मान घालून पाणी घातलं. हातातला तांब्या तिला पेलत नव्हता, एवढी झोप तिच्या डोळ्यांवर होती. एक शब्द बोलली असती, वाकड्या नजरेनं बघितलं असतं, तर देवाशप्पथ मी आत गेले असते.

मी उंबऱ्यापाशी थांबले. सूप वैजूच्या हातात कोंबलं. मग अंबाडा सोडला, मान मागं टाकली, आणि शेडपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले, "हुंऽऽऽ!"

सगळे थिजले.

"दार उघडा!" मी म्हटलं. दार उघडंच होतं, पण सुरुवात तीच ठाऊक होती.

"आई गं!" मथुराबाई खाली बसल्या. आत्याबाईंनी हात जोडले. "बोल माय, काय चुकलं?"

"माझ्या धाकट्या लेकीच्या हातनं गौर येऊ दे! तिनं आणलेली गौर मला पावली! आन् तिनं रोज रातच्याला सोंड लावूनच निजायचं! माझा गणपती हाय त्यात! एक रात चुकवाल तर कोपेन! आन् तिला म्हस म्हणंल त्येच्या घरात बेदाणा नासंल!"

"चुकलं माय, चुकलं!" आत्याबाई वाकल्या. माझी सासू माझ्या पायांवर! पलीकडं बघते तर आमचे मालक डोळे मिटून, हात जोडून, थरथरत उभे. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्यापुढं मान लववली होती. खोटं कशाला सांगू, गोड लागलं. इतकं गोड की मी उगीच आणखी दोनदा घुमले. खरी देवी बघत असली तर पोट धरून हसली असेल, पण तिनं मला अडवलं नाही.

"जा वैजे, चल," आत्याबाई म्हणाल्या.

आणि वैजू निघाली. सूप छातीशी धरून, एकेक पाऊल कुंकवावर जपून ठेवत. आतनं बायकांनी विचारलं, "कोण आली?" आणि ती म्हणाली, "गौर आली." ते माझं उत्तर होतं, माझी पावलं होती, आणि माझ्या काळजाला इंगळी डसत होती. मी केस तोंडावर घेऊन दाराशी डुलत राहिले, म्हणून डोळ्यांतलं कुणाला दिसलं नाही.

उंबरा ओलांडताना वैजू माझ्याजवळ क्षणभर थांबली. सूप सावरायचं निमित्त करून कानाशी वाकली.

"आक्का," ती कुजबुजली, "पदर तरी पडू द्यायचा. देवी आल्यावर कुणी पदर धरून ठेवतंय व्हय?"

खाली बघते तर डाव्या हातानं पदर मी घट्ट धरलेला. एक सणसणीत उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. पण काय करणार? मी देवी होते. तशीच डुलत राहिले.